नदीमंच, प्रस्तरभंग आणि विकासाचे निर्णय

(तंजावूर राजवाडा परिसरात स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आपण बसलो आहोत त्या राजवाड्याच्या उत्तरेला थोड्याच अंतरावर वडवार ही कावेरीच्या जाळ्यातील जुनी शाखा वाहते. दक्षिणेला, बृहदीश्वर मंदिराजवळून, ग्रँड ॲनिकट कालवा जातो. येथील लोक त्याला आजही ‘पुदु आरु’ म्हणजे नवी नदी म्हणतात. चोळांच्या काळापासून भोसल्यांच्या काळापर्यंत उत्तरेकडील सखल जमिनीला कावेरीचे पाणी उताराने मिळत आले. दक्षिणेकडील, वल्लमच्या माळाकडे चढत जाणारी जमीन मात्र पावसावर आणि तळ्यांवर अवलंबून राहिली. मेट्टूर धरण १९३४ मध्ये पूर्ण झाले आणि त्याच योजनेतील या कालव्याने त्या उंच जमिनीपर्यंत पाणी नेले. उंचीतला फरक मोजक्या मीटरांचा, पण त्याने शेकडो वर्षे भाताचे शेत आणि कोरडवाहू माळ यांची सीमा ठरवली. जमिनीची उंची हा आर्थिक इतिहासाचा भाग आहे हे मी प्रथम असल्याच ठिकाणी शिकलो.

तरीही अर्थशास्त्राचा माणूस प्रस्तरभंगांवर का बोलतो आहे, हा प्रश्न तुमच्या मनात असणारच. त्याचे उत्तर लातूर जिल्ह्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे ८ हजार माणसे मृत्युमुखी पडली. पुढच्या वर्षी एका पाहणीसाठी मी त्या भागात घरखर्चाच्या प्रश्नावल्या भरून घेत हिंडत होतो. भूकंपात शेतातून उठलेला उंचवटा तोवर बराचसा नांगरून गेला होता. एका वृद्ध शेतकऱ्याने माझे सगळे प्रश्न शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले, “सायेब, ही भेग नवी हाय का जुनी?” माझ्या प्रश्नावलीत त्याला रकाना नव्हता. पण प्रश्न मोलाचा होता. भेग नवी असेल तर झाले ते दुर्दैव. भेग जुनी असेल आणि ती पूर्वीही हलली असेल, तर ते कोणीतरी आधी ओळखू शकले असते काय, आणि पुन्हा तसे होईल काय, हे दोन प्रश्न लगेच उभे राहतात.

भूकंपमापकांच्या नोंदी शंभर-सव्वाशे वर्षांच्या आहेत आणि लेखी इतिहास फार तर दोन-अडीच हजार वर्षांचा. एखादा प्रस्तरभंग दर दहा हजार वर्षांनी एकदा हलत असेल तर या दोन्ही दप्तरांत त्याची नोंद सापडणार नाही. त्याहून जुने दप्तर नदी ठेवते.

नदीमंच कसा तयार होतो

नदी आपल्या पात्राच्या दोन्ही बाजूंना पूरमैदान तयार करते. काही कारणाने ती खाली खोदू लागली की जुने पूरमैदान पुरापासून सुटून वर राहते. त्या सपाट, पायरीसारख्या जमिनीला आपण नदीमंच म्हणतो. खोदणे थांबले, नवे मैदान तयार झाले आणि पुन्हा खोदणे सुरू झाले की दुसरी पायरी तयार होते. म्हणून सामान्यतः सर्वांत वरचा मंच सर्वांत जुना असतो. काही मंच गाळाच्या जाड थरात कापलेले असतात. काहींत नदीने मूळ खडकच सपाट तासलेला असतो आणि त्यावर गोट्यांचा पातळ थर असतो. हा दुसरा प्रकार आपल्या कामाला अधिक उपयोगी, कारण तासलेला खडक ही एका विशिष्ट काळची नदीच्या तळाची पातळी असते.

तुम्ही येथे, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, असे मंच शोधू लागलात तर निराश व्हाल. त्रिभुज प्रदेशात नदी गाळ टाकत जाते आणि नवा थर जुन्या थराला झाकतो. येथे सर्वांत जुने ते सर्वांत खाली. पायऱ्या वाचायच्या तर नदी खोदत असेल त्या भागात जावे लागते. कावेरीच्या वरच्या अंगाला, म्हैसूरच्या पठारावर, के. एस. वल्दिया यांनी असा अभ्यास केला. प्रस्तरभंगांच्या हालचालींमुळे प्रवाह अडले आणि मागे पाणी साचून काळ्या चिकणमातीचे थर बसले, असे त्यांनी मांडले. तिरुचिरापल्लीच्या भारतीदासन विद्यापीठातील एस. एम. रामसामी यांनी उपग्रहचित्रांच्या आधारे दक्षिण भारतातील भूरूपांकडे याच दृष्टीने पाहिले. दक्षिणेचे पठार पूर्णपणे निश्चल आहे ही जुनी समजूत अशा कामांमुळे सैल झाली.

पायरी दिसली म्हणजे पुरावा मिळाला असे नाही

येथे मला थोडे थांबायचे आहे, कारण उत्तरपत्रिकांत सर्वाधिक चूक याच ठिकाणी होते. “नदीमंच हा भूभागाच्या उत्थानाचा पुरावा होय” हे वाक्य अर्धेच खरे आहे. नदी अनेक कारणांनी खोदू लागते. पाऊस वाढतो, गाळाचा पुरवठा घटतो, समुद्राची पातळी खाली जाते. माणूसही नदीला खोदायला लावतो. कोल्लिडमचे पात्र तुम्हाला जवळ आहे. वाळूउपशाने नदीचा तळ खाली गेला की जुना तळ कडेला पायरीसारखा उरतो. २२ ऑगस्ट २०१८ रोजी मुक्कोंबू येथील कोल्लिडमवरील बंधाऱ्याचे नऊ दरवाजे वाहून गेले, तेव्हा पात्र खाली जाण्याची चर्चा वृत्तपत्रांतूनही झाली. उद्याच्या एखाद्या भूवैज्ञानिकाने त्या पायऱ्या पाहून येथे प्रस्तरभंग शोधू नये!

महाराष्ट्रातील उदाहरण अधिक शिकवणारे आहे. संगमनेर, नेवासे या भागात प्रवरेच्या काठाला गाळाचे उंच कडे आणि घळींनी चिरलेली जमीन आहे. ती पाहून प्रथम भूहालचालीचीच शंका यावी. विश्वास काळे आणि शरद राजगुरू यांनी १९८७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात वायव्य दख्खनमधील नद्यांच्या गाळाचा इतिहास मांडला. हिमयुगाच्या अखेरच्या कोरड्या काळात, मोसमी पाऊस दुबळा असताना, नद्यांनी गाळ साठवला. पुढे पाऊस जोमाने परतला तेव्हा त्याच नद्यांनी तो गाळ कापला. म्हणजे प्रवरेच्या काठचे कडे प्रामुख्याने मोसमी पावसाच्या चढउताराची नोंद आहेत.

मग हवामानाची पायरी आणि प्रस्तरभंगाची पायरी वेगळी कशी ओळखायची? हवामान एका खोऱ्यात रेषेच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरे असे वागत नाही. त्याने घडवलेला मंच नदीच्या आजच्या तळाशी साधारण समांतर, मैलोगणती सलग जातो. प्रस्तरभंगाने हलवलेला मंच मात्र त्या विशिष्ट रेषेवर तुटतो, वाकतो किंवा एका बाजूला अचानक उंच होतो. म्हणून मंच किती उंच आहे हा प्रश्न दुय्यम आहे. एकाच वयाचा मंच रेषेच्या दोन्ही बाजूंना किती वेगळ्या उंचीवर आहे, हा खरा प्रश्न आहे. त्यासाठी नदीच्या काठाने उंचीचे मोजमाप करायचे, गोटे, मातीचा रंग आणि वय यांवरून तुकडे जुळवायचे आणि मग फरक काढायचा.

एक कल्पित उदाहरण वहीत मांडून ठेवा. एका नदीवर तीन मंच आहेत. वये अनुक्रमे ४ हजार, १० हजार आणि २५ हजार वर्षे. एक संशयित रेषा तिन्ही मंचांना छेदून जाते. सर्वांत तरुण मंच रेषेवर अखंड आहे. मधला २ मीटरने आणि सर्वांत जुना ५ मीटरने सरकलेला आहे. यातून काय निघते? शेवटची हालचाल १० हजार ते ४ हजार वर्षांपूर्वीच्या दरम्यान झाली. त्या अवधीत २ मीटर सरकणे झाले. उरलेले ३ मीटर त्याआधी, २५ हजार वर्षांपर्यंतच्या काळात. जुना मंच अधिक सरकलेला असणे, म्हणजेच हालचालीची पुनरावृत्ती असणे, ही सक्रिय प्रस्तरभंगाची सर्वांत भक्कम खूण आहे. तिन्ही मंच सारख्याच अंतराने सरकले असते तर सर्वांत तरुण मंच तयार झाल्यानंतरच सारी हालचाल झाली, एवढेच म्हणता आले असते. हालचाल आडवी असेल तर उंचीऐवजी मंचांच्या कडा बाजूला सरकलेल्या दिसतात. न्यूझीलंडमध्ये वैरारापा प्रस्तरभंगावर वायोहिने नदीच्या मंचांत हे स्पष्ट दिसते.

मोहंडचे गणित

खऱ्या मोजमापासाठी हिमालयाच्या पायथ्याशी जाऊ. दिल्लीहून डेहराडूनला जाताना शिवालिक टेकड्या सुरू होतात तेथे मोहंड हे गाव आहे. हिमालयाच्या सर्वांत दक्षिणेकडील मोठ्या प्रस्तरभंगाची रेषा तेथून जाते. स्टीव्हन वेस्नौस्की, व्ही. सी. ठाकूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये तेथील ओढ्यांच्या काठचे खडकात तासलेले मंच मोजून निष्कर्ष प्रसिद्ध केले. मंच आजच्या तळापासून सुमारे २० ते ३० मीटर उंच, आणि त्यांवरील कोळशाच्या कणांचे कार्बन-१४ पद्धतीने काढलेले वय साडेतीन हजार वर्षांहून थोडे अधिक. भागाकार केला की वर्षाला सुमारे ७ मिलिमीटर उचल निघते. प्रस्तरभंग जमिनीशी सुमारे ३० अंशांनी कललेला धरला, तर त्याच्या पृष्ठावरून झालेले सरकणे उचलीच्या दुप्पट येते, कारण ३० अंशांची ज्या म्हणजे एक द्वितीयांश. म्हणून वर्षाला सुमारे १४ मिलिमीटर. नेपाळमध्ये बागमती आणि बकेया नद्यांच्या मंचांवरून लावे आणि अवुआक या फ्रेंच अभ्यासकांनी २००० मध्ये हाच वेग सुमारे २१ मिलिमीटर काढला. शालेय त्रिकोणमिती कोठे उपयोगी पडते असे विचारणाऱ्यांना मी मोहंडचा पत्ता देतो.

वर्षाला १४ मिलिमीटर म्हणजे नखाच्या वाढीहूनही कमी. पण प्रस्तरभंग रोज थोडा थोडा सरकत नाही. तो शतकानुशतके अडून राहतो आणि साठलेले सरकणे एका भूकंपात वसूल करतो. पाचशे वर्षे अडला तर थकबाकी ७ मीटरची होते.

या भागाकारात अंश मोजणे सोपे आहे, छेद काढणे कठीण. उंची आज उपकरणांनी काही सेंटिमीटरपर्यंत मिळते. वयासाठी कार्बन-१४ सुमारे ५० हजार वर्षांपर्यंत चालतो, तोही कोळसा किंवा शंखशिंपले सापडले तर. वाळूच्या कणांवर शेवटचा सूर्यप्रकाश कधी पडला हे सांगणारी ल्युमिनेसन्स पद्धत त्यापलीकडे जाते. पुणे जिल्ह्यात बोरी येथे कुकडी नदीच्या थरांत ज्वालामुखीची राख सापडली. इंडोनेशियातील तोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची ती, की त्याहून कितीतरी जुन्या उद्रेकाची, यावर अभ्यासकांत तीव्र मतभेद झाले. वय दहापट बदलले तर त्यावरून काढलेला प्रत्येक वेग दहापट बदलतो. अर्थशास्त्रातील कितीतरी वाद असेच छेदावरून होतात.

‘सक्रिय’ कोणाला म्हणायचे

आतापर्यंत आपण निसर्गाबद्दल बोललो. येथून पुढे माणसांचे निर्णय सुरू होतात. मघाच्या उदाहरणात थोडा बदल करा. समजा, सर्वांत तरुण, अखंड मंचाचे वय १२ हजार वर्षे आहे आणि सरकलेला मधला मंच २० हजार वर्षांचा. हा प्रस्तरभंग सक्रिय की निष्क्रिय? सॅन फर्नांडोच्या १९७१ च्या भूकंपानंतर कॅलिफोर्नियाने १९७२ मध्ये केलेल्या कायद्याच्या व्यवहारात, गेल्या सुमारे ११ हजार वर्षांत हललेला प्रस्तरभंग सक्रिय मानतात. त्या कसोटीवर हा सुटला. अमेरिकेच्या अणुऊर्जा नियामकाची जुनी कसोटी मात्र गेल्या ३५ हजार वर्षांत एकदा किंवा ५ लाख वर्षांत एकाहून अधिक वेळा हालचाल, अशी आहे. त्या कसोटीवर हाच प्रस्तरभंग सापडला. खडक तोच, नदी तीच, मंचही तेच. घर बांधायचे असेल तर निष्क्रिय, अणुभट्टी बांधायची असेल तर सक्रिय. भारतातही अणुऊर्जा नियामक मंडळाच्या स्थलनिवडीच्या संहितेनुसार ५ किलोमीटरच्या आत हालचालक्षम प्रस्तरभंग असेल तर ती जागा बाद होते. चूक झाल्यास नुकसान किती, त्यावर किती मागे जाऊन पाहायचे हे ठरते.

माझ्या शास्त्राची एक अडचण येथे कबूल केली पाहिजे. प्रकल्पांचे मूल्यमापन करताना आम्ही भविष्यातील लाभ-हानीला वटाव लावून आजचे मूल्य काढतो. वार्षिक ८ टक्के दराने, शंभर वर्षांनी होणाऱ्या १ कोटी रुपयांच्या नुकसानीचे आजचे मूल्य साधारण साडेचार हजार रुपये येते. हजार वर्षांनंतरच्या नुकसानीचे मूल्य शून्यच म्हणा. या गणिताने कोणताही प्रस्तरभंग कधीच महाग ठरत नाही. पण भूकंप हजार वर्षांनीच होईल असे कोठे लिहिलेले आहे? हजार वर्षांत एकदा म्हणजे यंदाही हजारात एक. आणि गेल्या कित्येक शतकांत तो झालाच नसेल, तर तेवढाही दिलासा उरत नाही. म्हणून ५ किलोमीटर किंवा ११ हजार वर्षे असले ठोकळ नियम मला लाभ-खर्चाच्या सुबक तक्त्यापेक्षा अधिक प्रामाणिक वाटतात. माझ्या सहव्यावसायिकांना हे सहसा रुचत नाही.

नर्मदा, तापी आणि तेरणा

मध्य भारतात हा प्रश्न आजही जिवंत आहे. नर्मदा-सोन पट्ट्यात २० व्या शतकात १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात, २३ मार्च १९७० रोजी भडोचला आणि २२ मे १९९७ रोजी जबलपूरला भूकंप झाले. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील एल. एस. चम्याल, डी. एम. मौर्य आणि सहकाऱ्यांनी गुजरातमधील खालच्या नर्मदेच्या काठचे गाळाचे कडे आणि त्यांच्या आत बसलेले तरुण मंच अभ्यासले. गेल्या दहा-अकरा हजार वर्षांतही या रेषेवर हालचाल चालू राहिली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. याच पट्ट्याची दक्षिणेकडील बाजू म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याने जाणारा गाविलगड प्रस्तरभंग. त्याच्या दक्षिणेला पूर्णा आणि तापी यांच्या गाळाची शेकडो मीटर जाडीची भर आहे आणि त्यावर विदर्भ-खानदेशातील कापूस आणि केळी उभी आहेत.

आता किल्लारीकडे परत येऊ. तेथे तेरणा नदी आहे, पण मोहंडसारख्या स्पष्ट पायऱ्या नाहीत. कारण हालचालीचा वेग. समजा, एखादा प्रस्तरभंग ५० हजार वर्षांत एकदा १ मीटर सरकतो. सरासरी काढली तर वर्षाला ०.०२ मिलिमीटर. काळ्या मातीत नांगर आणि पावसाळ्यातील पूर हा उंचवटा काही वर्षांत पुसून टाकतात. १९९३ चा उंचवटा मी एका वर्षात पुसट होताना पाहिला. वेगवान प्रस्तरभंगाची नोंद नदी ठेवते, संथ प्रस्तरभंगाची नोंद तीच पुसते. म्हणून पठारी प्रदेशात मंच अखंड दिसले तरी “येथे प्रस्तरभंग नाही” असा निष्कर्ष काढता येत नाही. त्या मंचांच्या वयाएवढ्या काळात, मोजता येईल एवढी हालचाल झाली नाही, एवढेच म्हणता येते. अशा ठिकाणी चर खणून जमिनीचे थर पाहावे लागतात.

किल्लारीत तसे चर खणले गेले. सी. पी. राजेंद्रन आणि कुसला राजेंद्रन यांनी, १९९३ ची हालचाल प्राचीन खडकांतील आधीपासून असलेल्या प्रस्तरभंगावर झाली, असे १९९६ मध्ये मांडले. पुढे तेरणेच्याच काठी, सातवाहनकालीन व्यापारासाठी प्रसिद्ध असलेल्या तेर येथे, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या भूकंपाच्या खुणा थरांत आढळल्याचेही त्यांनी नोंदवले. म्हणजे त्या शेतकऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर, भेग जुनी होती, असे आहे. ते मिळाले तेव्हा ५२ गावे नव्या जागी वसवण्याचे काम चालू होते. जाड दगडी भिंती आणि वर मातीची धाब्याची छते यांखाली माणसे का दबली, हे कळण्यासाठी मात्र कोणताही चर खणावा लागला नव्हता.

१९९३ मध्ये वापरात असलेल्या भारतीय मानक ब्युरोच्या भूकंप नकाशात किल्लारी पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होती. नकाशा प्रामुख्याने ज्ञात भूकंपांवर आधारलेला होता आणि तेथील जुना भूकंप कोणाला ज्ञात नव्हता. २००२ च्या सुधारणेत किल्लारी परिसर तिसऱ्या विभागात घेण्यात आला आणि पहिला विभाग नकाशातूनच काढून टाकण्यात आला.